दोन हात अपुरी भिंत

संपादकबाई घरी आल्या तेव्हा मी बाल्कनीत मेथी निवडत बसलो होतो. त्यांनी चहा घेतला, अल बर्शातल्या पार्किंगला नावं ठेवली आणि मग मुद्द्यावर आल्या. "मेस्त्रीकाका, तुम्ही सगळं आयुष्य बांधकामात काढलंत. आपल्या दिवाळी अंकासाठी दुबईच्या टॉवर्सवर लिहा ना. पुढच्या संडेपर्यंत मिळालं तर बरं." मी हो म्हणालो. समोरच्याला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. आयुष्यात एकदाच पटकन 'नाही' म्हणून गेलो आणि ते असं नडलं की अजून आठवतं.

बाई गेल्यावर नातीनं विचारलं, "दादा, व्हॉट वॉज युवर फर्स्ट टॉवर?" मी म्हटलं, पंधरा हात उंचीचा होता, दगड आणि गिलाव्याचा. ती हसली. "दॅट्स नॉट अ टॉवर, दादा." आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो, त्यामुळे तिचंही बरोबर आहे. पण बाईंनी टॉवरवर लिहायला सांगितलंय, तर मी त्याच पंधरा हातांवर लिहिणार. बाकीच्यांवर लिहायला पुष्कळ इंजिनिअर आहेत.

हा टॉवर होता एका कोर्टाच्या डोक्यावर. शारजाच्या वरच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी एक छोटं गाव होतं. गावाचं नाव देत नाही. इमारतही आता नाही, तिथून रस्ता गेलाय. साल चौसष्ट-पासष्टचा सुमार. अमिरात हे नावसुद्धा तेव्हा जन्माला यायचं होतं. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. गलबतांच्या सुताराच्या हाताखाली शिकलो आणि कौलांनी भरलेल्या लाँचवर बसून इथं उतरलो. सुतार म्हणून आलो, पण त्या गावात भिंत बांधणाराही मीच झालो, कारण दुसरं कोणी नव्हतं. लोक मला गनी मेस्त्री म्हणायचे.

कोर्ट म्हणजे मुळात मोत्यांच्या एका व्यापाऱ्याचं घर. मोत्यांचा धंदा बसला, घरातली माणसं समुद्रापलीकडे इराणच्या किनाऱ्यावर निघून गेली आणि घर शेखांकडे आलं. त्याआधी गावचा न्याय किल्ल्याच्या दारात, सावली जशी सरकेल तशी चटई सरकवत व्हायचा. घर मिळाल्यावर काझीसाहेब चटईसकट आत आले. एवढाच काय तो त्या कोर्टाचा इतिहास.

भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या. ओहोटीला तो दगड तोडायचा, गाढवावरून आणायचा, महिनाभर उन्हात वाळवायचा. हलका असतो आणि सगळा भोकाभोकांचा. वरून जस, म्हणजे भाजलेल्या मातीचा पांढरा गिलावा. ह्या भिंतींना थंडीत घाम फुटायचा आणि सकाळी हात फिरवला तर तळव्याला मीठ लागायचं. छताला चंदलचे, म्हणजे खारफुटीच्या लाकडाचे खांब. हे खांब आफ्रिकेच्या खाड्यांतून गलबतांवर यायचे आणि त्यांची लांबी सात-आठ हातांच्या वर नसायची. म्हणून त्या किनाऱ्यावरची प्रत्येक खोली सात-आठ हातच रुंद. आफ्रिकेतल्या झाडानं जेवढं ठरवलं तेवढ्याच रुंदीत माणसं बसायची, भांडायची आणि न्याय मागायची.

मुख्य दार सागवानी, त्यात एक छोटं दार. मोठं दार कधी उघडायचंच नाही. शेखांचा पुतण्या असो की खलाशी, कमरेत वाकूनच आत यायचं. एकदा उंटाच्या मालकीवरून दोघे भांडत आले आणि पुरावा म्हणून उंटच आणला. उंट काही वाकेना. शेवटी काझीसाहेब स्वतः वाकून बाहेर गेले आणि खटला रस्त्यावर चालला.

आत दोन्ही पक्षांसाठी भिंतीला धरून दोन ओटे होते. ते सारख्या उंचीचे हवेत, असा काझीसाहेबांचा कटाक्ष. एका वादीनं तक्रार केली की समोरच्याचा ओटा दोन बोटं उंच आहे, म्हणून समोरच्याचं जास्त ऐकलं जातं. मला बोलावणं आलं. पाणसळ लावली तर खरंच दोन बोटांचा फरक निघाला. काझीसाहेब आठ वर्षं त्या खोलीत बसत होते आणि त्यांना तो कधी दिसला नव्हता. त्यांचा चेहरा असा उतरला, की आठ वर्षांचे सगळे निकाल त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. "यल्ला मेस्त्री, अभी के अभी बराबर कर," एवढंच म्हणाले. काझीसाहेबांचं लहानपण वडिलांच्या मोत्यांच्या धंद्यापायी मुंबईत गेलेलं, त्यामुळे ते आमच्याशी झकास हिंदी बोलायचे.

आता टॉवर. त्याला तिकडे बरजील म्हणतात. वीज नव्हती, पंखे नव्हते, उन्हाळा तर हाच. म्हणून छतावर चौकोनी मनोरा, वर चारही बाजूंनी उघडा. मनोऱ्याच्या पोटात दोन भिंती एकमेकींना छेदून जातात, फुलीसारख्या. कुठूनही वारा आला की फुलीवर आपटतो आणि खाली खोलीत उतरतो. त्या व्यापाऱ्याच्या घरात बरजीलखाली एक लांब दिवाणखाना होता. कोर्ट आल्यावर त्याच्या मधोमध भिंत घालून दोन खोल्या केल्या. एका बाजूला काझीसाहेबांची बैठक, दुसऱ्या बाजूला साक्षीदारांची खोली, म्हणजे एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्याच्या कानावर पडू नये. ही मधली भिंत वर जाऊन बरजीलमधल्या फुलीला भिडायला हवी, नाहीतर एका खोलीतलं बोलणं मनोऱ्यातून वळसा घालून दुसऱ्या खोलीत उतरणार.

फुलीचा खालचा भाग मिठानं पोखरून पडला होता. तो पुन्हा बांधायचं काम माझ्याकडे आलं. सगळं बांधत आणलं आणि शेवटचे दोन हात राहिले. नेमका दगड तोडणारा माणूस तापानं आडवा झाला. इकडे गावाहून पत्र आलेलं, माझं लग्न ठरलेलं, आणि जाणारी लाँच चार दिवसांत सुटणार. ती गेली की पुढची पावसाळ्यानंतर. मी काय केलं, तर लाकडाची चौकट ठोकली, तिच्यावर खजुराच्या झावळ्यांची चटई ताणली आणि दोन्ही अंगांनी जस फासला. खालून पाहिलं तर अस्सल भिंत. वर चढून बघणार कोण? ते कामही माझंच होतं.

काझीसाहेबांचा एक रिवाज होता. कोर्टाच्या इमारतीत कोणीही काम केलं, की त्यानं त्या कामावर उजवा हात ठेवून त्यांच्यासमोर आणि पहारेकरी सालेमसमोर सांगायचं, काम पुरं आहे, खोट नाही. ते म्हणायचे, इथे येणारा प्रत्येक जण शपथ घेतो, मग ह्या भिंतींनी का सुटावं? मी भिंतीवर हात ठेवला.

"खलास?" काझीसाहेबांनी विचारलं.

"खलास," मी म्हणालो, आणि लग्नाला निघालो.

परत आलो तोवर कोर्टात भूत आलं होतं. साक्षीदारांची खोली बोलते, असं गावात झालं होतं. एकटा बसलेला माणूस बाहेर येताना घाबराघुबरा होऊन यायचा आणि विचारण्याआधीच खरं सांगून टाकायचा. सालेमजवळ बंदूक होती, पण त्या खोलीत शिरताना तो पाय आपटून मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणायचा. मी एकदा वर चढून पाहून आलो. दमट हवेनं जस गळून पडला होता, चटईला भोकं पडली होती. वारा असला की आवाज वरच्या वर उडून जायचा. पण थंडीत, धुक्याच्या सकाळी, हवा ठप्प असताना काझीसाहेबांच्या बैठकीतलं बोलणं साक्षीदाराच्या डोक्यावर उतरायचं, तेही कुठून येतंय ते न कळेल असं.

खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. थोडा अभिमानही वाटला. लोक खरं बोलतायत, काझीसाहेब खूश आहेत, कुणाचं काय बिघडतंय? दगड आणून बुजवू, बुजवू म्हणत दोन वर्षं गेली.

तिसऱ्या थंडीत कासमचा खटला आला. कासम आमच्याच किनाऱ्याचा, रायगडकडचा, एका लाँचवर भंडारी होता. लाँचवरच्या स्वयंपाक्याला आमच्याकडे भंडारी म्हणतात. त्याच लाँचवर उमर आणि हुसेन हे दोघे सख्खे भाऊ खलाशी होते. लाँच खाडीबाहेर नांगरलेली. एका पहाटे कासम आणि उमर होडी घेऊन गोडं पाणी आणायला किनाऱ्यावर आले. परतताना धुकं उतरलं. इकडचं धुकं ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको, होडीत बसलं तर स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसत नाही. पाण्याचं पिंप सरकलं, ते सावरताना उमर पाण्यात गेला. लाँचपर्यंत होडी आली तेव्हा तिच्यात कासम एकटाच होता. उमर तीन दिवसांनी वाळूच्या पट्टीवर लागला.

हुसेन त्या वेळी लाँचवर होता. त्याचं म्हणणं असं, की धुक्यातून भावाची हाक कितीतरी वेळ ऐकू येत होती. वल्ह्याचा आवाजही येत होता. पण वल्ह्याचा आवाज हाकेकडे जायच्या ऐवजी लांब लांब गेला. कासमनं मुद्दाम त्याला टाकलं. आठवडाभर आधी दोघांचं जेवणावरून कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्या लाँचला माहीत होतं. उलट कासम सांगायचा, हाक चहूकडून येत होती. ज्या बाजूला वल्हं मारावं, त्याच्या उलट बाजूला ती ऐकू यायची.

हिंदुस्थानी माणसाचा असा खटला शेवटी दुबईला इंग्रजांच्या कोर्टात जायचा. काझीसाहेबांनी चौकशी करून कागद करायचा, आणि गुरुवारी दुपारच्या जीपनं कागद आणि माणूस दोन्ही दुबईला पाठवायचे. कागदावर जे असेल त्यावर कासमची मान वाचणार की नाही ते ठरणार होतं.

मंगळवारी सकाळी धुकं होतं. साक्षीदारांच्या खोलीच्या दाराची बिजागरी सैल झाली होती, ती बसवायला मी आत होतो. कासम ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दार लावून बाहेर सालेम उभा. पलीकडे बैठकीत हुसेनची साक्ष सुरू झाली होती. आधी नुसती कुजबुज उतरली. माझ्या लक्षात आलं आणि मी मुद्दाम ठोकाठोक सुरू केली, मग स्क्रू हातात घेतला तेव्हा थांबलो. तेवढ्यात वरून हाक आली.

"कासम... इकडं रे... कासम, मी इकडं हाय..."

हुसेन काझीसाहेबांना भावाची हाक कशी होती ते करून दाखवत होता, हे मला कळत होतं. पण सख्ख्या भावांचे आवाज एकाच घशातून आल्यासारखे असतात. ती हाक छतातून आली, मग ओट्याखालून आली, मग माझ्या पाठीमागून. आवाज कुठून येतोय ते माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

कासम उठून उभा राहिला होता. त्याचे ओठ मिठासारखे पांढरे पडले होते. "मेस्त्री," तो म्हणाला, "तुलाही आलं ना ऐकू?"

हो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, कुठून? मग भिंत, मग चटई, मग काझीसाहेबांपुढे ठेवलेला माझा उजवा हात. हे सगळं मी डोळ्याची पापणी लवायच्या आत मनात मोजलं.

"नाही," मी म्हणालो. "काय?"

कासमनं माझ्याकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे माझ्याचसाठी आलाय तो." त्यानं दार वाजवलं. सालेमनं त्याला बैठकीत नेलं, आणि मी त्याचा आवाज त्याच मनोऱ्यातून ऐकला. "काझीसाब, मैंने मारा उसको. लिख लो." काझीसाहेबांनी लिहून घेतलं. आरोपीची कबुली ही सगळ्या साक्षींवरची साक्ष. तेवढ्या वेळात मी बिजागरीचा तिसरा स्क्रू बसवला. तो घट्ट बसला की नाही हे हलवूनही पाहिलं, हे मला अजून आठवतं आणि माझी मलाच लाज वाटते.

त्याच दिवशी दुपारी मी कासमला भेटायला गेलो. किल्ल्याच्या एका कोठडीत त्याला ठेवलं होतं. मी मासे-भात घेऊन गेलो. त्यानं ताटाकडे पाहिलंही नाही. "मेस्त्री, मी वल्हं मारत होतो. खरंच मारत होतो," तो म्हणाला. "पण तो म्हणतोय मी टाकलं, म्हणजे टाकलंच असेल ना? मेलेला माणूस कशाला खोटं बोलेल?" घरी बायको आहे, लहान मुलगी आहे, तिला निरोप दे, असंही म्हणाला. मला धड 'हो'ही म्हणता येईना.

बुधवारी सकाळी मी काझीसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चटई, जस, लाँच, लग्न, कासमला दिलेलं उत्तर. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते माळेचे मणी सरकवत राहिले.

"दो साल पहले तूने इसी दीवार पे हाथ रख के बोला, पूरा है," ते म्हणाले. "आज बोलता है, अधूरा है. कल उस आदमी को बोला, कुछ सुना नहीं. आज बोलता है, सुना. मेस्त्री, मैं तेरी कौन-सी बात मानूँ?"

एकदा काझीसमोर खोटा ठरलेला माणूस पुन्हा साक्षीला चालत नाही, हे मलाही माहीत होतं. माझी साक्ष मी दोन वर्षांपूर्वीच चटईबरोबर जसमध्ये लिंपून टाकली होती.

"साहेब, आप खुद उस कमरे में बैठ के सुनो," मी म्हणालो. "मेरी मत सुनो, दीवार की सुनो."

ते तयार झाले. चटई मात्र त्यांनी पाहिली नाही. गुडघ्यांमुळे त्यांना वर चढता येत नव्हतं, आणि सालेमचं म्हणणं, भोक आहे हे दिसून काय उपयोग, आवाज येतो का ते ठरलं पाहिजे. हुसेनला बोलावलं. त्याला बैठकीत एकट्याला बसवलं, दुसऱ्या कुणाचा आवाज मिसळू नये म्हणून दार लावून घेतलं आणि सालेम बाहेर थांबला. हुसेननं मंगळवारी जशी हाक दिली तशीच द्यायची. काझीसाहेब आणि मी साक्षीदारांच्या खोलीत. पण बुधवारी उत्तरेचा वारा सुटला होता. बरजील नुसता घोंघावत होता. आम्ही तासभर बसलो, काही ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर हुसेन म्हणाला, मी चार वेळा हाक दिली. काझीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कल सुबह धुंध हो तो एक बार," मी हात जोडले. "इन्शाल्ला," ते म्हणाले, पण बोलायचं म्हणून.

गुरुवारी फजरच्या नमाजानंतर दार उघडलं तर समोरचं घर दिसत नव्हतं. एवढं दाट धुकं मी त्या गावात पुन्हा कधी पाहिलं नाही. भिंतीला हात धरून आम्ही कोर्टापर्यंत आलो. पुन्हा तसंच बसवलं. हुसेन बैठकीत एकटा, दार बंद. आम्ही दोघे इकडे, दार बंद. हवा जराही हलत नव्हती. भिंतीवरून ओल गळत होती. काझीसाहेबांच्या माळेच्या मण्यांचा तेवढा आवाज येत होता.

बराच वेळ काही नाही. जीप दुपारी निघणार होती. मी मनातल्या मनात हुसेनला विनवत होतो, बोल रे बाबा, बोल.

मग हाक आली. मंगळवारपेक्षा हळू. दमलेल्या माणसाची वाटावी अशी.

"कासम... इकडं... तिकडं नको जाऊ रे... इकडं..."

मण्यांचा आवाज थांबला. काझीसाहेबांनी मान वर करून बरजीलकडे पाहिलं, मग दाराकडे, मग स्वतःच्या पाठीमागे. अगदी कासमनं पाहिलं होतं तसं. हाक आणखी दोनदा आली आणि बंद झाली. काझीसाहेबांचा हात माझ्या मनगटावर होता, तो त्यांनी कधी ठेवला ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"क्या बोलता है वो?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांना आमची बोली येत नव्हती.

"बुलाता है, साहेब. बोलता है, उधर मत जा, इधर आ."

ते उठले. बाहेर येऊन त्यांनी कबुलीचा कागद मागवला आणि सालेमसमोर त्याचे चार तुकडे केले. "डर का इकरार, इकरार नहीं," म्हणाले. दुसरा कागद लिहिला: धुक्यात हाकेची दिशा कळत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे, ह्या माणसानं सोडून दिल्याचा पुरावा नाही. जीपमधून तो कागद गेला आणि कासम गेला. इंग्रज साहेबानं तो कागद वाचून त्याला दोन दिवसांत सोडलं. तिथूनच दुसऱ्या लाँचवर बसून तो घरी गेला. पुढे कधी समुद्रावर आला नाही, असं ऐकलं.

मला काझीसाहेबांनी एकच शिक्षा दिली, स्वतः समुद्रात उतरून दगड तोडायचा आणि ते दोन हात पुरे करायचे. मी खुशीनं गेलो.

हुसेनची लाँच शुक्रवारी सुटणार होती. मी ओहोटीला गुडघाभर पाण्यात दगड फोडत होतो, तेव्हा तो किनाऱ्यानं चालत आला. त्याच्या भावाला त्या गावच्या कब्रस्तानात पुरलं होतं, तिथून येत असावा. मला वाटलं, शिव्या घालणार.

"मेस्त्री," तो म्हणाला, "काल तुम्ही काय ऐकलंत?"

"तुझी हाक," मी म्हणालो.

तो पाण्याच्या कडेपर्यंत आला. मग म्हणाला, "बुधवारी मी खोटं बोललो. चार वेळा काय, एकदाही हाक दिली नाही. मी गप्प बसलो की तुम्ही खोटे पडणार आणि कासम लटकणार, एवढं मला कळत होतं. काल पण तेच केलं. तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो, चुकूनसुद्धा आवाज निघू नये म्हणून."

मी पहार दगडावर ठेवली आणि पाण्यातून बाहेर आलो.

"कसं म्हणत होता?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तिकडं नको जाऊ, इकडं ये, एवढंच. रागावलेला वाटला का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, दमलेला वाटला. हुसेन तिथेच ओल्या वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "म्हणजे कासम शोधत होता त्याला." मग उठून लाँचकडे गेला. ह्या गोष्टीतलं जे काही त्याच्या वाट्याचं होतं, ते तो घेऊन गेला.

माझ्या वाट्याचं मी अजून सांभाळतोय. हुसेन खरं बोलला की खटला हरल्यावर मनाचं काही रचून बोलला, हे मला कळायला मार्ग नाही. दोनदा तो खोटं वागला होता, तसा मीही वागलो होतो. काझीसाहेबांना जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं, मग त्या कागदाचं काय करू? ज्या हाकेवर त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं, ती कुणाची होती? मी सांगितलं नाही. ह्यावेळी घाबरून नाही, पण घाबरून नाही म्हणून ते बरोबरच होतं, असंही म्हणवत नाही. आता काझीसाहेब नाहीत, सालेम नाही, भिंतही नाही. म्हणून लिहितोय.

दगड महिनाभर वाळल्यावर भिंत पुरी करायला मला अकरा दिवस लागले. अस्सल दगड, तिहेरी जस, एक बोटभरही फट नाही. त्यानंतर त्या खोलीतून कुणी घाबरून बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. आणि हेही सांगतो, लोक पुन्हा पूर्वीसारखे मुक्तपणे खोटं बोलायला लागले.

काम संपलं त्या सकाळीही धुकं होतं. काझीसाहेब सालेमला घेऊन साक्षीदारांच्या खोलीत आले. मी उजवा हात धुऊन, पुसून तयार होतो. रिवाजाप्रमाणे भिंतीवर ठेवणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात बाजूला केला. बैठकीत कुणी आहे का, असं त्यांनी सालेमला विचारलं. कुणी नाही, कुलूप आहे, सालेम म्हणाला.

मग त्यांनी डोक्यावरचं कापड मागे सारलं, स्वतःचा कान भिंतीला लावला आणि डोळे मिटले. किती तरी वेळ ते तसेच उभे होते. सालेम माझ्याकडे पाहत होता, मी जमिनीकडे.

कान काढला तेव्हा त्यांच्या गालाला ओला जस लागला होता. तो त्यांनी पुसला नाही. मला खलास का, असं विचारलं नाही. दाराशी जाऊन, बाहेरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघत ते म्हणाले, "सालेम, आज से इस कमरे में किसी को अकेला मत बिठाना."